कायमचे परत आल्याची तारीख

बँकेच्या एनआरआय काउंटरवर मी अकरा वर्षं काढली. नोव्हेंबर सरत आला की समोर रांग लागायची. बडोद्याचे, आणंद-पेटलादकडचे, मधूनच आमच्या दांडिया बाजारातलं एखादं मराठी जोडपं. अंगात इथल्या थंडीला न शोभणारं जाडजूड जाकीट, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जुनी पासबुकं, आणि सोबत वाट दाखवायला आलेला इथला मेहुणा. यांतली बहुतेक मंडळी चार आठवड्यांनी परत जायची. काही मात्र कायमची आलेली असायची. ती ओळखू यायची, कारण त्यांना घाई नसायची.

अशा माणसापुढे मला एक फॉर्म सरकवावा लागे. देशात राहायला आलं की एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं, खातं साध्या निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी नावाचं वेगळं खातं निघतं. त्या फॉर्मात एक रकाना होता: कायमचे परत आल्याची तारीख. माणूस नाव लिही, पत्ता लिही, पॅन नंबर लिही आणि या रकान्यापाशी आला की पेन उचलून धरी. "बेन, हमणां खाली राखो ने." म्हणजे, सध्या रिकामाच ठेवा.

एनआरई ठेवींचं व्याज करमुक्त असतं आणि निवासी झालं की ते करपात्र होतं, हे एक कारण होतंच. पण ज्यांच्या खात्यात सहा महिन्यांच्या किराण्याइतकीही रक्कम नव्हती, तेही तिथेच अडायचे. एक गृहस्थ तीन वर्षं दर जानेवारीत येऊन तोच फॉर्म घेऊन जात. एव्हाना त्यांनी इथे घर बांधलं होतं, मुलीचं लग्नही लावून दिलं होतं. तारीख मात्र लिहीत नव्हते. "आलोय असं नाही, बघतोय," म्हणायचे.

परदेशातून कुटुंबासह परतण्याविषयी आपल्याकडे जे बोललं आणि लिहिलं जातं, ते याच 'बघतोय'मध्ये अडकलेलं आहे. माती, मुळं, संस्कार, म्हातारे आई-वडील हे शब्द सगळ्यांकडे असतात. तारीख कुणाकडे नसते, मुदत नसते, कोण काय सोडणार आणि त्या बदल्यात काय मागणार याचा कागद नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. परतीचा करार व्हायला हवा. लेखी, मुदतीचा आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा. घरातही आणि सरकारदरबारीही.

'दोन्ही बाजूंच्या' हे मी बडोद्याची आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

शिकायला परदेशी पाठवलेल्या माणसाने परत यावं यासाठी लेखी करार करून घेण्याची रीत या गावाने फार आधी पाहिली आहे. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी धाडलं आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं संस्थानची नोकरी करण्याचं लिहून घेतलं. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात निघालेल्या बाबासाहेब आंबेडकरांनीही दहा वर्षांच्या नोकरीचा असा करार केला होता. शब्द पाळायला ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. महालेखापालांच्या कचेरीत कामावर रुजू झाले. आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून कसेबसे राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. एक हिंदू स्नेही होते, एक ख्रिस्ती स्नेही होते, दोघांनीही घरात घेतलं नाही. कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला गेले.

आजच्या एखाद्या इंजिनिअरच्या अडचणी या प्रसंगाशेजारी मांडणं निलाजरेपणाचं ठरेल, आणि तसं मी करत नाहीये. तो जातीचा छळ होता, गैरसोय नव्हे. पण करार म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. महाराजांनी माणसाकडून काय घ्यायचं ते लिहून घेतलं होतं. त्या माणसाला गावाने काय द्यायचं ते कुणीच लिहिलं नव्हतं. शिष्यवृत्ती होती, पद होतं, पगार होता. रात्री पाठ टेकायला चार भिंती नव्हत्या. एका उदार राजाच्या राज्यात त्याच्याच नोकराला हे सोसावं लागलं.

याच गावात त्याआधी आणखी एक जण परतले होते. सातव्या वर्षी इंग्लंडला धाडलेले अरविंद घोष 1893 साली संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा स्वतःची मातृभाषाच त्यांना धड येत नव्हती. बंगाली ते बडोद्यात शिकले, मराठी आणि गुजरातीही शिकले, आणि 1906 पर्यंत राहिले. त्यांचा दांडिया बाजारातला बंगला आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. लहानपणी त्याच्यापुढून शाळेत जाताना मला वाटायचं, परदेशातून आलेल्या माणसाला एवढं मोठं घर मिळतंच. कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे पुढे कळलं.

आता माझ्या घरातलं सांगते, कारण या विषयावर फुकटचं मत देण्यात अर्थ नाही.

धाकटा भाऊ 2005 साली गेला आणि 2022 च्या मे महिन्यात बायको आणि दोन मुलांसह परत आला. मधली सतरा वर्षं बरीचशी एका रांगेत गेली. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. आइसलँडलाही तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकांत मोजतात. भावजय एच-फोर, म्हणजे तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर होती. त्या व्हिसावरच्या बायकांना काम करायची परवानगीच नव्हती. 2015 साली नियम बदलला, मग तिने अर्ज केला, पुन्हा अभ्यास केला आणि एका औषधांच्या प्रयोगशाळेत लागली. सहा वर्षं झाली न झाली तोच परतायचं ठरलं. म्हणजे त्या बाईची नोकरी दोनदा गेली. एकदा जाताना आणि एकदा येताना. हे कुणी बोलत नव्हतं. सगळे बोलत होते ते आमच्या आईविषयी.

"आईसाठी येतोय" हे वाक्य मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलं होतं. ते खोटं नसतं, अपुरं असतं. आई सत्तर वर्षांची असतानाही आईच होती की. तेव्हा आला नाहीत आणि आता येताय, यामागे आणखी काहीतरी आहे: व्हिसा, मुलाचं वय, नोकरीतला कंटाळा, घरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता. ते काय आहे ते कागदावर आणा, एवढंच मी म्हणते. नाहीतर पुढे काहीही बिनसलं की ते आईच्या खात्यावर चढतं. मुलाला शाळा आवडली नाही, आईमुळे. बायकोची नोकरी गेली, आईमुळे. त्या म्हातारीने बिचारीने काय केलं?

म्हणून मी भावाला तिकिटं काढण्याआधी कागद करायला लावला. तो हसला. "ताई, घरात कसले करार?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो घेणारे बहुधा पुरुष असतात. घरात करार नसतात? मग हक्कसोड पत्र काय असतं? 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, तेव्हापासून कितीतरी बहिणींनी सख्ख्या भावांना हक्कसोड लिहून दिली आहेत. तेव्हा प्रेमाच्या आड कागद येत नाही. स्टॅम्प पेपर येतो, दोन साक्षीदार येतात, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत फोटो निघतो आणि मग सगळे मिळून जेवायला जातात. मी ते पत्र केलं नाही. त्यावरून आमच्यात दोन दिवाळ्या अबोला होता, हेही सांगून टाकते. म्हणजे जिथे एक जण सोडणार आणि दुसरा घेणार, तिथे घराला कागद चालतो. जिथे दोघांनाही काहीतरी द्यायचं आहे, तिथेच तो परका वाटतो.

आई-वडिलांच्या सांभाळालाही कायदा आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवर जबाबदारी टाकली आहे, आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो लागू आहे. पण तो निर्वाहखर्चापुरता. रात्री दोन वाजता श्वास लागला तर गाडी कोण काढणार, हे कोणत्याही कलमात बसत नाही. ते घरातच ठरवावं लागतं. आमच्याकडे सतरा वर्षं ती गाडी मी काढली, आणि माझ्या नवऱ्याने, ज्याचं नाव कुठल्याच कायद्यात नाही.

शेवटी कागद झाला. व्हिडिओ कॉलवर चार रविवार लागले. मुदत तीन वर्षं. मग सगळ्यांनी बसून पुन्हा ठरवायचं, आणि त्यात मुलांचंही मत धरायचं. आईच्या औषधपाण्याचे निर्णय मी आणि भाऊ मिळून घेणार, एकटी भावजय घरात आहे म्हणून तिच्यावर ढकलणार नाही. भावजय सहा महिन्यांच्या आत काम शोधणार, आणि तोवर "आता काय गरज आहे" हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. चौघांनी तिथून सह्या केल्या, मी इथून केली.

तीन वर्षं हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. आयकर कायद्यात एक मजेशीर नावाचा वर्ग आहे: निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला. बरीच वर्षं बाहेर राहून आलेला माणूस साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं या वर्गात मोडतो, आणि तेवढा काळ त्याच्या परदेशातल्या उत्पन्नाला इथे कर लागत नाही. एरवी कायम कोरडा वाटणारा हा कायदा माझ्या लेखी इथे चक्क समंजस आहे. आलेला माणूस आल्या दिवसापासून पुरता आलेला नसतो, हे त्याला कळतं. नातेवाइकांना कळत नाही. ते विमानतळावरच विचारतात, "मग, सेटल झालात ना?"

आणि परत आलेल्यांनाही कळत नाही. भावाने सामानातून 110 व्होल्टचा एक भलामोठा मिक्सर आणला आणि तो चालवायला विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो ट्रान्सफॉर्मर दोन वर्षं गुणगुणत बसला होता. सयाजीराव महाराजांनी 1906 साली अमेरिका पाहिली, आणि 1910 साली तिथले ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. आमच्याने ट्रान्सफॉर्मर आणला. मी चेष्टा करत होते, पण खोचून बोलत होते हेही खरं. परतलेली बहुतेक कुटुंबं गावाबाहेरच्या नव्या वस्तीत उतरतात. भावानेही भायलीकडे फ्लॅट घेतला. तिथे फाटकावर पहारेकरी, पाण्याला टँकर, विजेला जनरेटर, मुलांना दारातून बस. गावाशी संबंध येतो तो रविवारी सेव-उसळ खाण्यापुरता. मग हीच मंडळी म्हणतात, भारतात काही बदललं नाही. बदलायला तुमचं नाव मतदार यादीत तरी आहे का? भावाचं नव्हतं. तो भारतीय नागरिकच होता, परदेशातूनही नाव घालता आलं असतं. ते त्याने घातलं 2024 च्या ऑगस्टनंतर, विश्वामित्रीचं पाणी कित्येक दिवस शहरात भरून राहिलं तेव्हा. मगरींचे व्हिडिओ अमेरिकेतल्या मित्रांना पाठवून झाल्यावर त्याने मला विचारलं, "ताई, या नदीचं कोण बघतं?" सतरा अधिक दोन वर्षांनी पडलेला पहिला नागरी प्रश्न.

घरातल्या कराराबद्दल एवढं पुरे. सरकारदरबारच्या कराराची गोष्ट जास्त कडू आहे.

परतलेल्या कुटुंबात बहुतेकदा आई-बाप भारतीय आणि मुलं परदेशी नागरिक असतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून मुलांना ओसीआय कार्ड काढतात, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड. त्याला मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही, सरकारी नोकरी नाही. हे सगळं आधीपासून माहीत असतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 4 मार्च 2021 रोजी केंद्राने अधिसूचना काढली, आणि नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या प्रवेशांत ओसीआय मुलांना फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागांपुरतं पात्र ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2023 च्या फेब्रुवारीत निकाल लागला की हे बंधन ज्यांनी त्या तारखेनंतर कार्ड घेतलं त्यांनाच लागू होईल.

आमच्या घरात याचा अर्थ काय झाला बघा. भाचा 2009 चा. त्याचं कार्ड तो तान्हा असताना 2010 साली काढलेलं. भाची 2014 ची. तिच्या वेळी "काढू, काढू" करत राहिलं, ती सुट्टीला व्हिसावर येत-जात राहिली, मग कोविड आला, आणि परतायचं ठरल्यावर 2022 मध्ये घाईघाईने कार्ड निघालं. एकाच आई-बापांची, एकाच देशात जन्मलेली, एकाच विमानातून उतरलेली ही दोन मुलं. भाचा आता बारावीत आहे. तो जेईईला इथल्या मुलांच्या बरोबरीने बसू शकतो. भाचीने बारावीपर्यंत इथेच अभ्यास केला तरी तिच्यासाठी वेगळ्या, मोजक्या आणि बहुधा महागड्या जागा.

त्यात 2023 साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं करणारा कायदा केला. भाचा तोवर नववीत गेला होता, सुटला. भाची चौथीत होती, सापडली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, वर हिंदी आणि आता गुजराती. मला वाटलं होतं पोर रडेल. तिने मात्र खालच्या मजल्यावरच्या मासींकडून सहा महिन्यांत कक्को, म्हणजे गुजराती मुळाक्षरं, घोटून घेतला आणि आता ती रिक्षावाल्याशी भाड्यावरून माझ्यापेक्षा चांगली भांडते. म्हणजे या गावाची भाषा जिने उचलली, पुढच्या जागा नेमक्या तिलाच नाहीत. आणि जो गुजरातीत अजून "केम छो"च्या पुढे गेला नाही, त्याला आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आयआयटीच्या जागा मोजक्या. इथल्या खेड्यातल्या मुलाची जागा परदेशी नागरिकाला का द्यायची? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि परदेशात शिकून फक्त परीक्षेपुरत्या येणाऱ्यांच्या बाबतीत तर पूर्ण मान्य. पण मग कसोटी राहण्याची ठेवा. मूल सलग पाच-सहा वर्षं इथल्या शाळेत शिकलं, इथूनच बारावी झालं, तर ते इथलं. कार्ड कोणत्या तारखेला छापून आलं यावरून आपलं-परकं ठरवणं म्हणजे पासबुकाच्या रंगावरून शिल्लक सांगण्यासारखं आहे. सरकारने घोषणेत "या, तुमचाच देश" म्हणायचं आणि अधिसूचनेत मुलीला वेगळ्या रांगेत उभं करायचं, हा तोच जुना एकतर्फी करार झाला.

घराचंही तेच. आपल्या शहरांत फ्लॅट भाड्याने घेताना आजही आडनाव विचारतात, काय खाता ते विचारतात. बडोद्याच्या बऱ्याच भागांना अशांत धारा, म्हणजे दंगलींमुळे 'अशांत' ठरवलेल्या भागांसाठीचा कायदा, लागू आहे; 1991 च्या या कायद्याने तिथलं घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आमचं आडनाव आणि आमचं ताट दोन्ही चालणारं निघालं म्हणून भावाला आठवड्यात घर मिळालं. परदेशात दोन दशकं "आम्हाला रंगावरून ओळखतात" असं म्हणत आलेल्या माणसाला इथे आल्यावर हे खटकायला हवं होतं. त्याला खटकलं नाही. मला वाटतं, परत येणाऱ्यांकडून गावाने काही मागायचं असेल तर ते हे मागावं: तिथे जे टोचत होतं ते इथे आल्यावर विसरू नका.

देशाला तुमच्या पैशाची तेवढी गरज नाही. तो न येताच येतो. 2022 साली परदेशातल्या भारतीयांनी शंभर अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली, आणि त्याच वर्षी 2,25,620 जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे, आणि माझ्या काउंटरच्या अनुभवाने सांगते, त्यांच्यात विसंगती नाही. पैसे पाठवणं हे नातं आहे, राहणं हा व्यवहार आहे. लोक नातं सोडत नाहीत. व्यवहार जुळत नाही म्हणून येत नाहीत.

आणि हल्ली तर येणं-न येणं आपल्या हातात उरलं आहे का, हाच प्रश्न आहे. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. यापुढे परतणाऱ्यांत ठरवून परतणारे कमी आणि दार बंद झाल्याने परतणारे जास्त असतील. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांतले 33 गुजरातचे होते. त्यांनीही वर्षानुवर्षांची स्वप्नं आणि घरदार पणाला लावून देश सोडला होता. त्यांना आपण 'परत आलेले' म्हणत नाही, 'परत पाठवलेले' म्हणतो. त्यांच्या मुलांना शाळेत काय विचारतात, बायको कर्जाचं काय करते, हे कुणी लेख लिहून सांगत नाही. परतीचं सारं रडगाणं ज्यांच्याकडे परतीचं तिकीट काढायचे पैसे होते त्यांचंच आहे, माझ्या या लेखासकट.

एक चूक मात्र माझी स्वतःची, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तीन वर्षं झाली तेव्हा कराराप्रमाणे सगळे बसले. भाऊ टाळत होता; कंपनीत गडबड आहे, पुढच्या महिन्यात बघू. भाच्याने कपाटातून कागद काढून टेबलावर ठेवला. जागा दांडिया बाजारातलं जुनं घर, कारण आई तिथेच असते. भायलीचा फ्लॅट तिने एकदा पाहिला, लिफ्टमध्ये तिला गुदमरल्यासारखं झालं, आणि ती घरी आली ती आलीच. त्यामुळे आईसाठी म्हणून आलेला मुलगा गावाच्या एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला. रात्रीची गाडी अजून माझा नवराच काढतो. दिवसाची भाऊ काढतो. हेही कमी नाही.

भाच्याने सांगितलं, कॉलेजला तो अमेरिकेत जाणार. जेईईला बसता येत असूनही बसणार नाही. भाचीने सांगितलं, ती इथेच राहणार. भावजयीला एका औषध कंपनीत नोकरी लागली होती, सहाच्या जागी चौदा महिन्यांनी. ती म्हणाली, आता हलायचं असेल तर मला दोन वर्षं आधी कळवा. भावाने नवा कागद लिहायला घेतला. मुदत, अटी, नावं.

आई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं डोळा लागलाय.

"यात माझी सही कुठे आहे?" ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. जुन्या कागदावर पाच सह्या होत्या. आईची नव्हती. ज्या बाईच्या नावावर सगळं चाललं होतं तिला सहीचं विचारायचं मला, अकरा वर्षं लोकांच्या सह्या जुळवून पाहणारीला, सुचलं नव्हतं.

"तुझी काय अट आहे, आई?" भावाने विचारलं.

"लिही ने. माझ्यासाठी परत आलो असं लोकांना सांगायचं नाही. मी कुणाला बोलावलं नव्हतं."

भावाने पेन थांबवलं. मग चौथ्या क्रमांकावर ते तसंच्या तसं लिहिलं. आईने चष्मा मागून घेतला, दोनदा वाचलं आणि सही केली. भावजयीने कागद आपल्याकडे ओढला आणि वर कोपऱ्यात तारीख घातली.